टोमॅटोचा भाव पडला तर खाता येणारे वेष्टन करून बघा

दिवाळीच्या आगेमागे पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारात आवक वाढली की २० किलोच्या जाळीत तोडणीची मजुरीही सुटत नाही, अशी वेळ येते. बारका, वेडावाकडा माल मग बांधावर पडतो. त्यातल्या थोड्याची पातळ पोळी करून पाहायला नाशिकची कोरडी थंडी सोयीची. आंबापोळीचीच ही कागदासारखी बारीक बहीण, फक्त वस्तू गुंडाळून तिच्यासकट खायची. अमेरिकेच्या कृषी खात्यात टारा मॅकह्यू यांनी फळांच्या गराचे असे पापुद्रे १९९०च्या दशकातच केले होते.

सगळी मदार पेक्टिनवर, म्हणजे फळातल्या गर धरून ठेवणाऱ्या चिकट घटकावर. टोमॅटो चिरून ठेवला तर त्याच्यातलीच विकरे (एन्झाइम) पेक्टिन तोडतात, रस पाणीदार होतो आणि पोळी सोलताना फाटते. म्हणून चिरल्याबरोबर आचेवर, थेट ९० अंशांच्या पुढे. ‘सकाळी चिरू, दुपारी शिजवू’ इथे चालत नाही. मग साल-बी गाळून रस आटवा. चार वाट्या घट्ट गराला एक वाटी पेरूचा गर घाला. पेरूत पेक्टिन भरपूर. द्राक्षाचा मोह आवरा, त्यात ते कमी असते. किलोभर गराला १० ते २० ग्रॅम खाण्याच्या प्रतीचे ग्लिसरीन हवेच, नाहीतर पोळी पापडासारखी मोडते.

सिलिकॉनच्या शीटवर २ मिलिमीटरचा सारखा थर द्या. ड्रायरमध्ये ५० ते ६० अंशांवर वाळवा. गच्चीवर उघडे नको, धूळ बसते.

माल डागी चालेल, सडका नाही. बुरशीचे विष शिजवून जात नाही. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी. ते उडाले की औषधाचा अंशही एकवटतो, तेव्हा फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ उलटलेलाच माल घ्या. शंभर किलोतून कोरडे जेमतेम पाच किलो हाती लागते. प्लॅस्टिकशी भावात बरोबरी करायला जाऊ नका.

ही पोळी कोरडी असेतो हवा चांगली अडवते, ओल मात्र अडवत नाही. त्यामुळे शेंगदाणा चिक्कीला ती शोभते, किंवा मसाल्याच्या पुडीला: पुडीसकट आमटीत टाकायची. वरून स्वच्छ, ओल न लागणारे दुसरे पाकीट लागतेच, आणि विकायचे तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही.

पहिला घाणा पाच किलोचाच काढा. चिक्की गुंडाळून पंधरा दिवस डब्यात ठेवा. पोळी चिकट झाली तर पुढच्या घाण्यात ग्लिसरीन कमी करा, तडकली तर थोडे वाढवा.