अंगणातला दयाळ: ओळखावा कसा, ऐकावा कसा, राहता करावा कसा

एप्रिलातली पहाट, साडेपाच वाजलेले, आणि बाहेर कुणीतरी शीळ घालतंय. बडोद्यात राहत असाल आणि घराजवळ चार झाडं असतील, तर तो बहुतेक दयाळ. जुन्या पादरा रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. तिथे सगळ्यांना हा आवाज पाठ आहे, पण पक्षी कोणता ते विचारलं तर लोक बुलबुल, कोकीळ, वाटेल ते सांगतात. समोरच्या बेन त्याला दैयड म्हणतात, उत्तरेकडून आलेले वॉचमनकाका दहियर म्हणतात. सासूबाई नुसतं ‘तो पहाटेचा’ म्हणायच्या.

गेली सहा वर्षं मी या पक्ष्याच्या मागे आहे. पहिल्या दोन वर्षांत जे केलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी नुसतं ऐका

दुर्बीण घ्यायची घाई नको. फेब्रुवारीच्या शेवटी सुरुवात करा, कारण नर तेव्हा गळा मोकळा करायला लागतो. मार्च ते जुलै हा त्याचा गायचा आणि वीण करायचा काळ. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी तो सुरू होतो. म्हणजे बडोद्यात एप्रिलच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास आणि मेअखेर सव्वापाचला.

त्या वेळी कोकीळही ओरडत असतो, त्यामुळे गोंधळ होतो. फरक सोपा आहे. कोकीळ एकच वाक्य चढत्या सुरात पुन्हा पुन्हा म्हणतो, दयाळाचं वाक्य दर वेळी बदलतं. एक शीळ, थोडी थांबणी, मग वेगळी शीळ, शेवटी एखादी गिरकी. मधेच तो दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही ठोकून देतो. आमच्याकडचा एक नर दोन उन्हाळे टिटवीची अर्धी ओळ म्हणायचा. टिटवी समजून मी आकाशात बघत बसायची, आणि हा पठ्ठ्या समोरच्या अँटेनावर.

मोबाइलवर ‘मर्लिन’ नावाचं मोफत अॅप मिळतं. आवाज ऐकून ते पक्षी सुचवतं, सुरुवातीला मदत होते. मात्र त्याच अॅपमधला दयाळाचा आवाज अंगणात मोठ्याने वाजवू नका. हा पक्षी हद्दीच्या बाबतीत महाभांडखोर. परका नर आला समजून तो गाणं, पिल्लं, खाणं सगळं सोडून तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो. गाडीच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही तो तुटून पडतो. तसं दिसलं तर गाडी उभी करताना आरशांवर जुने मोजे चढवा. हसतील लोक, हसू द्या.

२. मग बघा, आणि ओळख पक्की करा

आकार साधारण बुलबुलाएवढा, १९-२० सेंटिमीटर. नर वरून निळसर झाक असलेला चकचकीत काळा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. शेपटी बहुतेक वेळ वर उचललेली. मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग, बाकी मांडणी तीच. यंदाच्या पिल्लांच्या छातीवर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी असते.

बडोद्यात घोटाळा होतो तो दोघांशी. एक चीरक, गुजरातीत देवचकली. तिच्या नराचं पोट काळंच असतं, शेपटीखाली विटकरी रंग असतो, आणि ती बागेपेक्षा उघड्या माळावर, बांधकामाच्या ढिगाऱ्यांवर जास्त दिसते. दुसरा मोठा धोबी. तोही काळा-पांढरा, तोही अगाशीवर पाण्याच्या टाकीशी बसून गोड गातो. पण त्याच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते आणि शेपटी सतत खालीवर हलत असते. भुवई दिसली की दयाळ नव्हे.

सरावाला कमाटीबाग उत्तम. सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसवलेल्या या बागेत जुनी झाडं आणि त्यांच्याखाली साठलेला पाला, दोन्ही आहेत. सकाळी चालणारे वाढण्याआधी जा.

नावाची गंमत इथेच सांगते. १८व्या शतकातल्या इंग्रजांनी ‘दयाळ’ ऐकलं ते ‘डायल’, आणि काहींना वाटलं की या पक्ष्याचा सूर्यघड्याळाशी संबंध आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने दिलेल्या शास्त्रीय नावातलं ‘सौलारिस’सुद्धा सूर्यावरूनच आलं असं बरेच दिवस मानत. पुढे पक्षीशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने ते खोडून काढलं. ते हिंदीतल्या ‘सौलरी’वरून आलंय, शंभर गाणी म्हणणारा, असं त्याचं म्हणणं. टिटवीची ओळ ऐकल्यापासून मी ब्लाइथच्या बाजूची.

३. एकच जागा, एकच वेळ

आठवडाभर रोज त्याच खुर्चीवर, त्याच वेळी वीस मिनिटं बसा. चहा घेऊन बसलात तरी चालेल. वहीत तीनच गोष्टी लिहा: पहिली शीळ किती वाजता, कुठून, आणि जोडीदार दिसला का. दहा दिवसांत तुमच्या दयाळाची हद्द कळते. आमचा नर रोज आधी अँटेना, मग कडुनिंबाचा शेंडा, मग कोपऱ्यातला दिव्याचा खांब असा फेरा घ्यायचा. खांबाच्या पलीकडे दुसऱ्याचं राज्य.

जमिनीवर तो टुणटुण उड्या मारत येतो, थांबतो, मान तिरकी करतो, पाला उलटतो, किडा उचलतो. नाकतोडे, अळ्या, मुंग्या, गोम, कधी पालीचं पिल्लूसुद्धा. पांगरा किंवा सावर फुलली की मधही पितो. संध्याकाळी बाकीचे पक्षी झोपायला गेल्यावरही हा दिवेलागणीपर्यंत जागा. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखवाल्या वाळव्या उडतात तेव्हा त्याला जरूर बघा. हातातलं काम बाजूला ठेवून बघा.

मादी जवळ असेल तर नराचा थाट वेगळाच. चोच आभाळाकडे, छाती फुगवलेली, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, आणि भिंतीवरून अकडत चाललेली स्वारी. मादी बऱ्याचदा ढुंकूनही बघत नाही.

४. पाला झाडू नका

बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करा. दयाळाचं पोट जमिनीवरच्या किड्यांवर चालतं आणि किडे पाल्यात असतात. आपल्याकडे पहाटे खराटा फिरवून अंगण आरशासारखं लख्ख करायची सवय. अख्खं अंगण अस्वच्छ ठेवा असं मी म्हणत नाही. कुंपणालगतची हातभर रुंद पट्टी तेवढी सोडा. तिथे पाला पडू द्या, कुजू द्या. अडुळसा, मेंदी, कढीपत्ता अशी दाट झुडपं त्याच पट्टीत लावा, म्हणजे मांजर दिसताच लपायला जागा होते.

कीटकनाशक फवारणी बंद. सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, “पाला ठेवायचा, औषध मारायचं नाही, मग डासांचं काय?” डास साठलेल्या पाण्यात होतात, कोरड्या पाल्यात नाही, हे तिसऱ्या सभेत पटलं.

आणि दाणे ठेवू नका. चबुतऱ्यावर ज्वारी-बाजरी टाकायची इथली जुनी रीत आहे, पण ते कबुतरांचं जेवण. दयाळ दाणा खात नाही. उलट दाण्यांमुळे साळुंक्या वाढतात, आणि साळुंकी ही त्याच्या घराची पहिली दावेदार.

५. पाणी

मातीचं पसरट कुंडं, दोन बोटं खोल, दगडाचा एक तुकडा आत. जमिनीपासून तीन-चार फुटांवर, झुडपाशेजारी पण झुडपात नव्हे. पाणी रोज बदला, कुंडं दोन दिवसांनी घासा. दयाळ बहुतेक संध्याकाळी आंघोळीला येतो.

६. भिंतीतली भोकं जपा

दयाळ काट्याकुट्यांचं उघडं घरटं बांधत नाही. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जुना पाइप, कौलांखालची फट असल्या जागा शोधतो. आपली नवी घरं गुळगुळीत झाली आणि त्याची ही सोय गेली.

चार वर्षांपूर्वी आमच्या कंपाउंडच्या भिंतीत पाणी जायचा एक जुना पाइप होता, कोरडाच पडलेला. एप्रिलमध्ये त्यात घरटं झालं. टॉर्च तिरका धरून मी एकदाच पाहिलं: फिकट हिरवट-निळी चार अंडी, तपकिरी ठिपक्यांची. त्याच आठवड्यात भिंतीची डागडुजी निघाली. दुपारी मी बाहेरून आले तर पाइपाच्या तोंडाला ओला सिमेंटचा गोळा, वरून थापीने सारखा केलेला. मादी समोरच्या तारेवर होती. ती भिंतीपर्यंत उडत यायची, सिमेंटसमोर हवेत फडफडायची, परत तारेवर. नर कडुनिंबात ‘चर्रर्र, चर्रर्र’ करत होता. धोक्याला ते असे खरखरीत ओरडतात. मी कारागिराकडून छिन्नी मागून घेतली आणि गोळा फोडला. अंडी धड होती, पण आत सिमेंटचं पाणी गेलं होतं. मादी आत गेली, लगेच बाहेर आली, नंतर फिरकली नाही. कारागिराचा दोष नव्हता. त्याला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

म्हणून डागडुजी, रंगकाम दिवाळीच्या आधी उरका, मार्च ते जुलै हात लावू नका. आणि बुजवण्याआधी प्रत्येक भोकात दिवा मारा. अंडी घातलेलं घरटं मोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. त्या जोडीने पंधरवड्यात गॅरेजच्या पत्र्याखाली दुसरं घरटं केलं.

७. खोकं लावायचं असेल तर

दयाळ खोक्यात राहतो, पण माझं पहिलं खोकं साफ फसलं. पश्चिमेकडे तोंड केलेलं, मेमधलं ४३ अंशांचं ऊन थेट आत. शिवाय दाराखाली मी हौसेने बसायला दांडी लावलेली. साळुंक्यांनी ते आठ दिवसांत बळकावलं.

जुन्या जाड फळ्या घ्या, प्लायवूड पावसात फुगतं. तळ साधारण १५ बाय १५ सेंटिमीटर, उंची ३०. दार गोल, ५ सेंटिमीटरच्या आसपास, तळापासून वीतभर वर. तळाला चार बारीक भोकं, पाणी निथळायला. छप्पर पुढे आलेलं. आतून रंग नको, दांडी अजिबात नको, खार आणि साळुंकी तिच्यावरच उभ्या राहतात. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. जानेवारीतच लावा. मार्चमध्ये लावलंत तर त्यांची जागा ठरून गेलेली असते. दुसऱ्या खोक्यातही साळुंकी डोकावली, पण दार लहान केलं होतं. तिसऱ्या वर्षी दयाळ आला. इतकी वाट बघायची तयारी ठेवा.

अंडी उबवायचं काम एकट्या मादीचं, साधारण बारा-तेरा दिवस. पिल्लांना भरवायला नरही येतो. पिल्लं पंधराएक दिवसांत बाहेर पडतात. या महिन्याभरात खोकं उघडून बघू नका. फोटोसाठीसुद्धा नाही.

८. पिल्लू खाली सापडलं तर

अंगावर पिसं आहेत, उड्या मारतंय, पण उडता येत नाही? त्याला काही झालेलं नाही. दयाळाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घर सोडतात आणि आईबाप जमिनीवर भरवतात. जवळच्या झुडपात उचलून ठेवा, मांजर हाकला, तुम्ही आत जा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा समज खोटा आहे. अगदी उघडं, डोळे मिटलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. रक्त दिसत असेल किंवा पंख लोंबत असेल तरच १९६२ ला फोन करा, ही गुजरातमधली करुणा पशु रुग्णवाहिका. दूध-पोळी घालू नका.

९. ऑगस्टनंतर

तो गप्प होतो. लोक मला विचारतात, तुमचा पक्षी गेला का. कुठेही जात नाही. पिसं गळत असतात, लपून असतो, फार तर संध्याकाळी एखादी केविलवाणी ‘स्वीऽऽ’ ऐकू येते.

दिवाळीच्या साफसफाईत खोकं उतरवा, जुनं घरटं काढा, ऊन दाखवा, परत लावा. गेल्या वर्षी आमच्या खोक्यातून निघालं ते असं: कडुनिंबाच्या काड्या, वाळकं गवत, खराट्याचे हीर, कुणाचे तरी लांब पांढरे केस, आणि सगळ्यांत गुंतलेला गुलाबी मांजा, दीड हात तरी. पिल्लांचे पाय त्यातून कसे सुटले कोण जाणे. तेव्हापासून वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस, उलटली की सोळा जानेवारीला सकाळी सोसायटीतली पोरं आणि मी, लांब बांबू घेऊन कडुनिंबावरची दोरी उतरवतो. गेल्या खेपेला प्लास्टिकच्या दोन बादल्या भरल्या.