विंडोज ११ चा राइट क्लिक मेनू जुन्यासारखा मिळाला (माझा अनुभव)

ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून नाइलाजाने ११ टाकलं, तर स्टार्ट बटण मधोमध, अ‍ॅप उघडलं की अजून डावीकडे सरकणार, हाताला सवय कोपऱ्याची ना. ते सोपं निघालं, सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, तिथे टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट लेफ्ट.

खरा वैताग राइट क्लिकचा. कट-कॉपीची चित्रं कधी मेनूच्या वर कधी खाली, आणि जुना ऑप्शन हवा असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स', कशाला हा उपद्व्याप? आता शिफ्ट दाबून राइट क्लिक करतो, जुना लांबलचक मेनू थेट येतो. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) कायमचंही होतं, पण ऑफिसच्या मशीनवर त्याला हात लावू देत नाहीत.