दशावतार जत्रेबाहेर पोचवायचा तर

दशावतार हे कोकणातल्या जत्रांमधलं लोकनाट्य. ते मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकायचं तर एक लक्षात ठेवा: चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की पुढे सरकतात. म्हणून आधी आवाजाचं बघा. मोबाइलचा माईक हळू स्वगतात आवाज आपोआप चढवतो आणि पखवाजावर थाप पडली की दाबतो. बाजूला भोंगा असेल तर सगळंच चिरकतं. साउंडवाल्याला नाटकाआधी गाठा, मिक्सरच्या आउटपुटमधून वायर घ्या आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घ्या. तीच वायर थेट मोबाइलच्या माईकला जोडली तर आवाज फाटणारच. रेकॉर्डरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, युद्धाच्या वेळी ती चढतेच. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मोबाइलमधला आवाजही राहू द्या, प्रेक्षकांचा हशा त्यातच येतो.

ट्रायपॉड रंगमंचावरच्या बाकासमोर, बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून दिसेल एवढा उंच लावा. रंगवलेल्या चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, नाहीतर मागच्या काळोखामुळे चेहरे पांढरेफटक येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. नाहीतर दिवे लपलपताना दिसतात. १०८० पिक्सेलला मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या आख्यानाला (नाटकाच्या पूर्ण कथेला) २३-२४ जीबी. पॉवर बँक हवीच, आणि एअरप्लेन मोडही.

परवानगी मात्र या सगळ्याच्या आधी. दशावताराच्या कंपनीच्या, म्हणजे नाटकमंडळीच्या, मालकाची आणि कलाकारांची, तीही लेखी. व्हिडिओचे पैसे आले तर कोणाला किती, हेही त्यात लिहा.

पूर्ण आख्यान मुंबईचे चाकरमानी बघतील. अनोळखी माणूस येतो तो छोट्या तुकड्यातून. यूट्यूब शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण उभ्या चौकटीत दोन लढवय्ये मावत नाहीत. त्यामुळे एकट्याचा भाग निवडा: संकासुर या विनोदी राक्षसाची थट्टा, स्त्रीपार्टीचा (स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुष नटाचा) प्रवेश, एखादं पद. ट्रिकसीनचा, म्हणजे चमत्काराच्या दृश्याचा, मोह आवरा. तो बघून नट कोण हे कोणी विचारत नाही. मालवणी संवादांखाली प्रमाण मराठीत सबटायटल द्या, विदर्भातल्या माणसाला ‘कित्याक’ (कशाला) कळेलच असं नाही.

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर सुरुवातच दिसते. म्हणून आधी आख्यान, मग कंपनी, मग ‘दशावतार’. पुष्कळजण इंग्रजी अक्षरांत शोधतात, तेव्हा वर्णनात तीच नावं तशीही लिहा. भूमिकेसह सगळ्या कलाकारांची नावं, पेटी-पखवाज-झांजवाल्यांचीसुद्धा, शिवाय गाव आणि नाटक ठरवण्यासाठी (सुपारीसाठी) कंपनीने दिलेला नंबर. नंबर नसेल तर बघून खूश झालेला माणूस नाटक ठरवणार कुठून?

पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढवायला यूट्यूबवर फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. ते आदल्या दिवशीच उरका. आणि नाटक सुरू होण्याआधी भोंग्यावर वाजणारी सिनेमाची गाणी कापून टाका. त्यांच्यावरून हक्काचा दावा लागला की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात.