महाबळेश्वरला धुकं, सोबत तीन टीनएजर: बाजारातल्या गेम पार्लरला कसं जायचं

महाबळेश्वरला जुलैत जाऊ नका असं सगळे सांगतात आणि तरी सगळे जातात, तसे आम्हीही गेलो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, त्यातला जवळपास सगळा याच चार महिन्यांत, त्यामुळे आर्थर सीटला गेलं की समोर पांढरा पडदा, केट्स पॉइंटला गेलं की परत तोच पडदा, आणि वेण्णा लेकचं बोटिंग बंद. लहान पोरं असली तर चिखलातही खूश असतात, पण माझी लेक पंधराची, मुलगा तेराचा आणि सोबत बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजे गाडीत तीन हेडफोन आणि दर वीस मिनिटांनी "आता काय?". अशा वेळी मेन बाजारातलं गेम पार्लर हाच आधार. तीन दिवसांत चार वेळा गेलो, पहिल्या वेळी सगळं चुकलं, चौथ्या वेळी मस्त जमलं, म्हणून लिहितेय. लोणावळा, माथेरान किंवा एखाद्या मॉलमधल्या गेम झोनला जाणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट वेळ. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात सगळी जनता मुंबई पॉइंटचा सूर्यास्त बघून साडेसात-आठला एकदम बाजारात उतरते, तेव्हा पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि रेसिंगच्या सीटवर बसलेला काका उठायचं नाव घेत नाही. त्यामुळे सीझनमध्ये दुपारी तीन-चारला जा, लोक पॉइंटवर असतात तेव्हा. पावसाळ्यात उलट, सकाळपासून सगळेच अडकलेले असतात, म्हणून दुपारचं जेवण झालं की लगेच जा, हॉटेलात सगळे आडवे झालेले असतात. टीनएजर पोरांना तसंही दुपारी झोप येत नाही, त्यांना ती सकाळी येते.

आणि घाट चढून आल्या आल्या जाऊ नका! पसरणी घाटाने पोटात ढवळलेलं असतं, आंबेनळीने आलात तर विचारूच नका, त्यावर व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचा गेम) किंवा हलणाऱ्या सीटचा गेम म्हणजे उलटी नक्की. आमच्या तेरा वर्षांच्याने हेच केलं. पार्लरवाल्याने काही न बोलता बादली आणून दिली, म्हणजे आम्ही काही पहिले नव्हतो.

आता पैसे, कारण भांडण इथेच होतं. पहिल्या दिवशी मी पर्स घेऊन काउंटरजवळ उभी राहिले आणि पोरं येऊन "आई अजून शंभर", "मावशी फक्त एकदा" करत राहिली, मी प्रत्येक वेळी "आत्ताच तर दिले" म्हणत राहिले, आणि तासाभरात सगळ्यांची तोंडं वाकडी. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला की एकदम देऊन टाक. तर हेच करा: प्रत्येकाला ठरलेली रक्कम एकदाच हातात द्यायची, सगळ्यांना सारखी, थोरला धाकटा करायचं नाही, आणि उरले तर ते त्यांचे, परत मागायचे नाहीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. उरलेले परत द्यायचे असतील तर कोण वाचवेल? माझ्या लेकीने अर्ध्या पैशांत आटपलं आणि उरलेल्यातून चपला घेतल्या, मी एरवी पाच वेळा सांगूनही तिने घेतल्या नसत्या. भाचा-पुतण्या सोबत असेल तर त्याच्या आईशी आधीच बोलून घ्या, माझ्या बहिणीने त्याला गुपचूप वेगळे पैसे दिले होते आणि मग आमच्या दोन पोरांना ते दिसले, पुढचं सांगत नाही.

कुठे अजून टोकन चालतात, कुठे कार्ड. टोकन असेल तर एका टोकनची किंमत विचारून थांबू नका, कुठल्या गेमला किती टोकन लागतात ते विचारा, कारण मोठ्या गेमला दोन-तीन लागतात आणि स्वस्त वाटलेलं टोकन मग स्वस्त राहत नाही. कार्ड असेल तर तीन प्रश्न: कार्डाचे वेगळे पैसे आहेत का, उरलेला बॅलन्स परत मिळतो का (बहुतेक ठिकाणी नाही), आणि एका कार्डावर सगळे खेळू शकतात का. अमुक हजाराचं रिचार्ज केलं की वर एवढे फ्री, या बोर्डाकडे बघू नका, तुम्ही परवा घरी जाणार आहात, ते फ्री कोण वापरणार. थोडं थोडं भरा. पावसात लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत चालू असलेला गेम गेलेला असतो, तेव्हा लगेच काउंटरवर सांगा, शांतपणे सांगितलं तर बहुतेक वेळा परत खेळू देतात. कॅश ठेवाच, धुक्यात आणि गर्दीत नेटवर्क गोगलगाय होतं आणि यूपीआयचं चक्र फिरत बसतं.

आपण आत जायचं का बाहेर थांबायचं, हा खरा प्रश्न. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मागे मागे "हा खेळ ना, तो खेळ ना" करत फिरलं की ती बाहेर येऊन फोन काढून बसते, मी अनुभवलंय. आणि आपण बाहेर बसून चहा पीत राहिलो तर मग फॅमिली ट्रिप कशाला म्हणायचं. आम्हाला जमलेलं असं, की पहिला अर्धा तास पोरांचा, आपण दिसायचंच नाही, बाजारात चणे-चिक्की बघत फिरायचं. मग आत जाऊन स्वतः एखाद्या मशीनवर खेळायला लागायचं, त्यांना न बोलावता. नवरा एका कोपऱ्यातल्या जुन्या मशीनपाशी पोचला आणि तिथे मुस्तफा होता! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो कॅपकॉमचा १९९३ चा गेम, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आपल्याकडे ते नाव कोणी घेतलंच नाही, त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. नवऱ्याची दहावीची वर्गणी त्यातच गेली आहे असं सासूबाई सांगतात. पाच मिनिटांत तिन्ही पोरं त्याच्या मागे उभी, "बाबा डावीकडे, बाबा मागे बघा", आणि भाचा दुसरी स्टिक धरून शेजारी. बोलावलं असतं तर आला नसता.

गेम निवडायचे तर दोघांनी मिळून किंवा समोरासमोर खेळायचे निवडा, एकट्याने खेळायला घरी फोन आहेच. एअर हॉकी (टेबलवर चकती एकमेकांच्या गोलमध्ये ढकलायचा खेळ) सगळ्यात बेस्ट, पैशाच्या मानाने हसू सगळ्यात जास्त. टिप एकच, हातातला स्ट्रायकर अगदी गोलला चिकटवून बसू नका, थोडा पुढे ठेवा, कोन झाकला जातो, आणि दुसऱ्या हाताची बोटं टेबलच्या कडेवर ठेवू नका, चकती जोरात लागते. रेसिंगमध्ये शेजारी शेजारी जोडलेल्या सीट असतील तरच मजा, आणि सुरुवातीला ऑटोमॅटिक गिअर निवडा, नाहीतर नवशिक्याची गाडी पहिल्या गिअरमध्येच केकाटत राहते. बास्केटबॉलमध्ये बॉल गेला का नाही बघत उभं राहायचं नाही, वेळ मोजून असतो, एक हवेत असतानाच दुसरा हातात हवा. बंदुकीच्या गेममध्ये मेल्यावर स्क्रीनवर दहा, नऊ, आठ असं उलटं मोजायला लागतं आणि माणूस घाबरून परत टोकन टाकतो, तो आकडा त्यासाठीच आहे, म्हणून आमच्यात नियम होता की एका गेमला एकच कंटिन्यू. डॅशिंग कार असेल तर बेल्ट लावा, ओढणी आणि मोकळे केस बांधा, आणि वेळ संपून गाड्या थांबल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही, सतरा वर्षांच्यालाही हे सांगावं लागतं, त्यालाच जास्त.

व्हीआरबद्दल, हेडसेट आधी स्वतः पुसून घ्या, बसून खेळायचा गेम निवडा, चष्मा असेल तर आधी घालून बघा बसतो का. घरात कोणाला फिटचा त्रास असेल तर झगमगणाऱ्या लाईटच्या गेमपासून लांबच राहा.

आता ते टेडी उचलायचं पंज्याचं मशीन. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पोरांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. सासूबाईही सोबत होत्या, त्या गेम खेळणार नाही म्हणाल्या, पिशव्या आणि छत्र्या सांभाळत खुर्चीवर बसल्या, आणि खुर्ची नेमकी या मशीनसमोर होती. अर्ध्या तासाने मला म्हणाल्या, "अगं, हा पंजा मधूनच जोर धरतो बघ, बाकी वेळ नुसता गोंजारतो." आणि बरोबर आहे त्यांचं! या मशीनमध्ये पंजाची पकड किती आणि किती वेळाने पूर्ण जोर द्यायचा हे मालकाला सेट करता येतं. म्हणजे तुम्ही अचूक नेम धरला तरी तो टेडी वर जाऊन सुटू शकतो, यात तुमच्या पोराची चूक नसते आणि "अरे नीट धर ना" असं ओरडण्यात काही अर्थ नसतो. तरी खेळायचंच असेल तर आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा, इतरांचा पंजा कसा धरतोय. गच्च भरलेल्या मशीनमधलं काही निघत नाही, खेळणी एकमेकांत अडकलेली असतात. वर सुटं पडलेलं, आणि ज्या भोकातून बक्षीस बाहेर येतं त्याच्या जवळचं निवडा. एकाने समोरून दांडा धरायचा आणि दुसऱ्याने बाजूच्या काचेतून बघून मागे-पुढे सांगायचं, कारण समोरून खोली कळत नाही. हे दोघांचं काम आहे, एरवी एकमेकांशी न बोलणारी भावंडं इथे बोलतात. आणि किती वेळा खेळायचं ते आधी ठरवा, आम्ही पाच ठरवलं होतं. सासूबाईंच्या हिशोबाने भाच्याने थांबून थांबून खेळून सहाव्यांदा एक डोळा नसलेलं अस्वल काढलं, हो सहाव्यांदा, नियम मोडला त्याने.

जिंकल्यावर बक्षिसासाठी तिकिटं मिळणारे गेम असतील तर सगळ्यांची तिकिटं एकत्र करा. एकेकट्याच्या तिकिटांत पेन्सिल आणि रबर येतं, तिघांच्या मिळून पत्त्यांचा कॅट तरी येतो, आणि तो रात्री हॉटेलात लाईट गेल्यावर कामाला येतो. तिकिटं कार्डावर जमा होत असतील तर एकाच कार्डावर वळवता येतात का ते आधीच विचारा.

सेफ्टीबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही पण २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला लागलेली आग विसरू नका, सुट्टीतला शनिवार होता, तिकिटावर ऑफर म्हणून गर्दी होती, पंचवीसपेक्षा जास्त माणसं गेली आणि त्यात लहान मुलंही होती. फायर ब्रिगेडची परवानगी (एनओसी) नव्हती असं नंतर समोर आलं. तेव्हापासून मी कुठल्याही गेम झोनमध्ये शिरले की आधी दुसरा दरवाजा शोधते. पार्लर तळघरात किंवा माडीवर असेल, जिना एकच आणि त्यावर खोके रचलेले असतील, तर सरळ मागे फिरा, पोरं कितीही तोंड पाडू देत. पोरांनाही दाखवून ठेवा, हा पुढचा रस्ता, हा मागचा. भाषण नको, बोटाने दाखवलं की पुरे.

आत आवाज इतका असतो की फोन वाजलेला कळत नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवा. आमची जागा समोरचं चपलांचं दुकान. कोणी एकट्याने पार्लर सोडून जायचं नाही, दोघांनी जा. लेकीला वेगळं सांगून ठेवलं होतं की कोणी टोळकं त्रास देत असेल तर वाद घालू नको, सरळ काउंटरवर जाऊन उभी राहा, तिथे माणूसही असतो आणि कॅमेराही, आणि गरज पडली तर ११२ लाव. भाच्याला फक्त एवढंच सांगितलं की हिरोगिरी नको.

आणि एखादं पोर नाहीच म्हणालं तर ओढू नका. माझी लेक दुसऱ्या दिवशी आत आलीच नाही, बाहेर पत्र्याखाली उभी राहून धुक्याचे आणि कणसाच्या गाडीच्या धुराचे फोटो काढत बसली, अख्ख्या ट्रिपमधले चांगले फोटो तेवढेच आहेत.

खाणं खेळून झाल्यावर. मक्याचे पॅटीस खाऊन तेलकट हाताने स्टिक धरली की मागचा माणूस शिव्या देतो. भूक लागलीच तर चणे, खिशात मावतात. ओले बूट-मोजे घालून दोन तास उभं राहू नका, एक्स्ट्रा मोजे पिशवीत ठेवा. निघायच्या पंधरा मिनिटं आधी सांगा आणि मग खरंच पंधरा मिनिटांनी निघा, चालू गेम संपू द्या पण नवा नाही. उरलेली टोकनं तिथेच संपवा, दुसऱ्या पार्लरमध्ये चालत नाहीत. आम्ही शेवटची दोन मशीनच्या बटणापर्यंत हात न पुरणाऱ्या एका छोट्याला दिली, त्याच्या आईने आमच्याकडे फार प्रेमाने बघितलं असं म्हणता येणार नाही.

आणि छत्र्या मोजा. पाच घेऊन गेलो होतो, चार आल्या.