रिसर्च मेथडॉलॉजी शिकवताना या चुका टाळा

एमएमएसच्या (मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर पदवीच्या) वर्गात दरवर्षी एक तरी विषय ठरलेला: ‘नवी मुंबईतील ग्राहकांची ऑनलाइन किराणा खरेदी’. आठवड्यात शंभर उत्तरंही जमतात. कुठून? वर्गाच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरून. उत्तरं देणारे सगळे बावीस-तेवीस वर्षांचे, आणि घरात किराणा भरते आई.

यात पहिली चूक माझी होती. कित्येक वर्षं मी दुसऱ्याच तासाला प्रश्नावली शिकवायचो, लगेच सॉफ्टवेअर. काय शोधायचंय तेच ठरलेलं नसताना अवजारं हातात दिली, की पोरं गुगल फॉर्म ठोकून मोकळी होतात. आता पहिले तीन आठवडे फॉर्म बंद. तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारात नाहीतर ठाण्यात जांभळी नाक्यावर जायचं, पाच व्यापाऱ्यांशी बोलायचं आणि आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते एका वाक्यात लिहून आणायचं. (दुपारी जा. सकाळी धंद्याच्या गर्दीत कुणी उभं करत नाही.) निम्मे विषय तिथेच बदलतात.

दुसरं, किती जणांना विचारायचं यासाठी ३८४ या आकड्याची पूजा. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली की सूत्रातून हा आकडा येतो, पण नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, असेल तरच त्याला अर्थ. ओळखीचे ३८४ जण गोळा करून काही सिद्ध होत नाही. इथे मी १९३६ची अमेरिकन निवडणूक सांगतो. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाच्या मतचाचणीत वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती, अंदाज लँडनच्या बाजूने होता, निवडून आले रूझवेल्ट.

प्रश्नावली छापण्याआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला लावा. ‘ॲपचे दर आणि डिलिव्हरी समाधानकारक वाटते का?’ यावर एका काकूंनी आमच्या विद्यार्थिनीलाच विचारलं, “दर बरे आहेत गं, पण माल वेळेवर येत नाही. मग हो लिहू की नाही?”

क्रॉनबाख आल्फा (प्रश्नावलीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) फारच कमी किंवा उणे आला, तर आधी उलट अर्थाची वाक्यं तपासा. पाच गुणांच्या मापावर त्यांचे गुण ६मधून वजा करायचे राहून गेलेले असतात. ते न बघता प्रश्न उडवत उडवत आल्फा ०.७च्या वर नेणाऱ्याला मी तोंडी परीक्षेत नेमका उडवलेलाच प्रश्न विचारतो.