बॅकअप रोज होतो, मग फाईल परत का येत नाही? या चुका टाळा

बॅकअपच्या खिडकीत हिरवी खूण दिसली म्हणजे प्रोग्रामने सांगितलेले काम केले, एवढेच कळते. चुकीचे फोल्डर दाखवून दिले असेल, तर तो रोज संध्याकाळी तेच फोल्डर इमानेइतबारे कॉपी करत राहतो. घरचे किंवा छोट्या ऑफिसातले बॅकअप डिस्क जळाल्याने कमी आणि असल्या साध्या गोष्टींनी जास्त फसतात. पुढचे सगळे विंडोज १० आणि ११ धरून आहे.

हवे ते फोल्डर यादीतच नाही

विंडोजमध्येच असलेली बॅकअपची सोय, फाईल हिस्टरी, आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरच घेते. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा अशा वाटेवर असतो. इन्स्टॉल करणाऱ्याने डी ड्राइव्ह निवडला असेल, तर तो तिकडे. म्हणजे फाईल हिस्टरी वर्षभर चालू असूनही हिशेबाची एक नोंद तिच्यात नसते. टॅलीत कंपनी निवडताना डेटाची वाट दिसते, ती आधी लिहून घ्या. विंडोज १० मध्ये फाईल हिस्टरीच्या सेटिंगमधून फोल्डर जोडता येते. ११ मध्ये ते आधी एखाद्या लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डरांच्या गटात) घालावे लागते: फोल्डरवर राइट क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'इन्क्लुड इन लायब्ररी'.

टॅलीचा डेटा मात्र टॅलीतूनच घेतलेला बरा: ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनू उघडा आणि बॅकअप निवडा. कुणी एंट्री करत असताना नुसते फोल्डर उचलले, तर काही फाईली आधीच्या आणि काही नंतरच्या येतात आणि ती कॉपी उघडेलच असे नाही.

डीटीपी करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नयेत. पेजमेकर किंवा कोरलड्रॉमधली जुनी, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रिका नव्या मशीनवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाईल धड असते, फॉन्ट नसतो. विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्स फोल्डर आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाईल दोन्ही बॅकअपमध्ये हवीत.

१ टीबी घेतली आणि तीन महिन्यांत भरली

डिस्कच्या खोक्यावरचा १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजते, म्हणून तीच डिस्क ९३१ जीबी दाखवते आणि २ टीबीची १.८१ टीबी. दुकानदाराने फसवलेले नसते. पण हिशेब करताना हाच आकडा धरायचा.

समजा ऑफिसचा डेटा ३०० जीबी आहे आणि रोज साधारण २ जीबी बदलतो. महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप, रोज फक्त बदललेल्या फाईली, आणि मागचे तीन महिने हाताशी हवेत. तीन पूर्ण बॅकअपचे ९०० जीबी. रोजचे २ जीबी, २६ कामाचे दिवस, तीन महिने, म्हणजे १५६. बेरीज १०५६. इथे बरेच जण थांबतात, आणि इथेच चूक होते. चौथ्या महिन्याचा पूर्ण बॅकअप नीट उतरेपर्यंत सर्वांत जुना पुसता येत नाही, त्यामुळे आणखी ३०० जीबी काही तासांसाठी का होईना, मोकळे लागतात: १३५६. वाढीसाठी वर २० टक्के धरले की सुमारे १६२७ जीबी. म्हणजे २ टीबी पुरते, १ टीबी कधीच पुरणार नव्हते.

आता तो 'रोजचा २ जीबी बदल' तपासा. आउटलुकची पीएसटी फाईल (सगळे मेल जिच्यात साठतात ती) १८ जीबीची असेल तर एक मेल आला तरी फाईल बदलली असेच धरले जाते, आणि फाईलनुसार बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर पूर्ण १८ जीबी पुन्हा उतरवते. महिन्याचे ४६८ जीबी एका फाईलपायी. जुन्या वर्षांचे मेल वेगळ्या पीएसटीत हलवा आणि ती आउटलुकमधून 'क्लोज' करा. जोडलेली राहिली तर मेल न येताही तिची तारीख बदलते.

फाईल हिस्टरीत जुन्या आवृत्त्या 'फॉरएव्हर' ठेवण्याचे सेटिंग मुळातच असते. ते 'अनटिल स्पेस इज नीडेड' किंवा एक वर्ष करा. वर्षअखेरचा, ३१ मार्चचा बॅकअप मात्र या फिरत्या डिस्कवर ठेवू नका, त्याला वेगळी डिस्क द्या. नोंदणीकृत कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेब आठ वर्षे जपावे लागतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणेही आले आहे.

हजार-दीड हजारात मिळणाऱ्या '१६ टीबी एसएसडी'च्या वाटेला जाऊ नका. आत छोटे मेमरी कार्ड असते आणि ते चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, खोटा आकडा सांगते. खरी जागा संपल्यावर नव्या फाईली जुन्यांवर उतरतात किंवा हवेत विरतात, पण कॉपी 'यशस्वी' दिसते. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन चालवा. ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघते. त्याला एक रात्र द्या.

सिंक आणि कायम लावून ठेवलेली डिस्क

वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हचे सिंक म्हणजे आरसा. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, नंतर जाते.

कायम जोडलेली डिस्कही रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, हाती आयती लागते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा पाडली, त्यात न्हावा शेव्याचे त्यांचे टर्मिनलही अडकले. कंपनीच्या डोमेन कंट्रोलरच्या (नेटवर्कवर कोण कुठे जाऊ शकतो हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या) प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती घानातली एक, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. वीज जाण्याचे असे उपकार क्वचितच होतात. तेव्हा दोन डिस्क घ्या, आठवड्याला अदलाबदल करा, आणि न लावलेली ऑफिसाबाहेर ठेवा.

अडते तेव्हा

कॉपी रखडते. पाचशे जीबीला यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला ३५ एमबी या वेगाने चार तास लागतात, यूएसबी ३ वर ११० एमबीने सव्वा तास. डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा, मध्ये हब नको. डिस्क टिकटिक करून बंद-चालू होत असेल तर आधी केबल बदला. रुंद, चपटी मायक्रो-बी पिन सैल होण्यात पटाईत असते.

मोठी फाईल जात नाही, जागा मात्र भरपूर आहे. डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली आहे, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. आतला डेटा हलवून एनटीएफएस करा.

एररच्या शेवटी ८००७००७० असेल तर जागा संपली. ८०७८०११९ असेल आणि बॅकअपच्या डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असतील, तर गोंधळू नका: अडचण त्या डिस्कवर नसून मूळ डिस्कवरच्या छोट्या 'सिस्टम रिझर्व्ह्ड' भागात असते. हा भाग ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर शॅडो कॉपीसाठी (बॅकअपआधी विंडोज घेते त्या तात्पुरत्या प्रतीसाठी) त्यात निदान ५० एमबी मोकळे लागतात. ८००७०४५डी किंवा 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' आला तर मात्र डिस्क वाचताना अडते आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारे साधन उघडून ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा, त्यांत खराब जागांची मोजणी असते. त्यांच्या रॉ व्हॅल्यूत शून्याऐवजी आकडे असतील, तर आधी महत्त्वाचा डेटा काढा, दुरुस्ती नंतर. सी७ वाढत असेल तर बहुधा केबल.

विंडोजची रोबोकॉपी ही कॉपी करण्याची कमांड एका फाईलवर तासन्‌तास अडून बसते, कारण न सांगितल्यास ती दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. कमांडमधले आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचे) हे दोन्ही स्विच १ वर आणा. बॅकअप मूळ फोल्डरसारखाच करणारा एमआयआर स्विच जपून वापरा: मूळ फोल्डर रिकामे झाले असेल तर तो बॅकअपही रिकामा करतो.

'पाथ टू लाँग' हा एरर मराठी नावांना लवकर गाठतो. पूर्ण वाटेला २६० अक्षरांची मर्यादा असते, आणि काना, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' आपल्याला सहा अक्षरी दिसते, विंडोजला अकरा. फोल्डरची नावे आखूड करा.

ठरलेल्या वेळी बॅकअप सुरूच होत नाही? ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरच्या 'कंडिशन्स'मध्ये 'फक्त एसी पॉवरवर' अशी टिक मुळातच असते, त्यामुळे बॅटरीवरचा लॅपटॉप काम टाळतो. 'सेटिंग्ज'मध्ये वेळ चुकल्यास लगेच चालवण्याची टिक लावा. डिस्कचे अक्षर ई चे एफ झाले असेल तरी हेच होते. डिस्क मॅनेजमेंटमधून तिला कायमचे एक्स हे अक्षर द्या.

परत आणून बघा

महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर तीन गोष्टी रिस्टोअर करा: गेल्या आठवड्यातली एक एक्सेल फाईल, सहा महिन्यांपूर्वीचा एक स्कॅन, आणि टॅलीचा पूर्ण बॅकअप, तोही वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये, चालू डेटावर नाही. फाईली नुसत्या यादीत दिसून चालत नाही, उघडा. टॅलीत ट्रायल बॅलन्सची बेरीज मूळ मशीनशी ताडा. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की याच वेळी टाकून बघा. ती कागदावर हवी, त्याच डिस्कवरच्या टेक्स्ट फाईलमध्ये नाही.