क्राइम, नार्कोटिक्स, सायबर: साईड ब्रँचला जाऊ पाहणाऱ्या नव्या अंमलदारांसाठी

ट्रेनिंग संपवून एल.ए.ला (लोकल आर्म्स, म्हणजे सशस्त्र पोलीस विभागाला) हजर झालेली मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, क्राइमला, म्हणजे गुन्हे शाखेला, कसं जायचं?" नायगाव असो की मरोळ, प्रश्न तोच. मुंबईत पोलीस ठाणं, गुन्हे शाखेचं युनिट आणि अमली पदार्थविरोधी कक्ष अशी तिन्हीकडे मी अंमलदार म्हणून नोकरी केली आहे. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. एटीएस आणि 26/11 नंतर उभं राहिलेलं फोर्स वन ही राज्याची दलं आहेत, मुंबई आयुक्तालयाची नव्हेत. तिकडची वाट वेगळी आहे. आपल्याकडे गुन्हे शाखा, आर्थिक गुन्हे शाखा, वाहतूक, विशेष शाखा, बॉम्बशोधक व नाशक पथक, क्यूआरटी (शीघ्र प्रतिसाद पथक) असं बरंच काही आहे आणि प्रत्येक ठिकाणी लागणारा माणूस वेगळा. विशेष शाखेत गोपनीय माहिती गोळा करायची असते, तिथे धरपकडीची हौस घेऊन जाऊ नका. आर्थिक गुन्हे शाखेत महिनोन् महिने बँकेची स्टेटमेंटं आणि कंपन्यांचे कागद चाळावे लागतात, बी.कॉम. झालेल्या शिपायाला तिथे खरी किंमत आहे. सायबरमध्ये आयटी कायद्याचा तपास कलम 78 प्रमाणे निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो. म्हणजे तुमच्या वाट्याला बँकांना पत्रं, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) वाचणं आणि सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केलेल्या, घाबरलेल्या माणसाचं नीट ऐकून घेणं येईल. हे काम हलकं नाही. पैसे गोठवायचे तर पहिले काही तासच हातात असतात.

श्वान पथकाबद्दल एवढंच सांगतो: कुत्र्यांवर जीव असेल तरच जा. स्फोटकं शोधणारा कुत्रा अमली पदार्थ शोधत नाही, आणि तो ठरलेल्या हँडलरचंच ऐकतो. तुमच्या रजासुद्धा त्याच्या तब्येतीवर ठरतात.

आता मी ज्यात अडकलो ते सविस्तर, कारण नव्या माणसाला हे कोणी बसवून समजावत नाही. नार्कोटिक्सला गेल्या गेल्या तुम्हाला छापा मिळणार नाही. मिळेल ते जप्त मालाचं सॅम्पल पोहोचवण्याचं काम. सीलबंद पाकीट आणि पत्र घ्यायचं, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जमा करायचं, पोच आणून द्यायची. नुसती ने-आण वाटते. पण पाकीट हातात घेतलं त्या क्षणी तुम्ही खटल्यातले साक्षीदार झालात. समन्स येतं ते काही वर्षांनी, तुम्ही भलत्याच पोलीस ठाण्यात रात्रपाळी करत असताना.

बचावाचे वकील तुम्हाला ड्रग्जबद्दल काहीच विचारत नाहीत. पाकीट कोणाकडून घेतलं? किती वाजता? लाखेचं सील शाबूत होतं का, त्यावर ठसा कोणाचा होता? निघाल्याची नोंद स्टेशन डायरीला आहे का? माझ्या प्रकरणात पत्रात त्रुटी होती म्हणून लॅबने पाकीट त्या दिवशी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी घेतलं. मधली रात्र ते मुद्देमाल खोलीत होतं, पण परत जमा केल्याची नोंद रजिस्टरला कोणी घेतलीच नव्हती. ती नोंद घेणं माझं काम नव्हतं, पिंजऱ्यात मात्र मी उभा होतो. "मग रात्रभर पाकीट कोणाकडे होतं?" हा एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा, शब्द फिरवून विचारला गेला.

कोर्ट एवढं काटेकोर का, तेही समजून घ्या. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात व्यावसायिक प्रमाणाला किमान 10 वर्षांची शिक्षा आहे. एवढी शिक्षा द्यायची तर छाप्यात मिळालेला माल तोच लॅबमध्ये पोहोचला याची साखळी सलग हवी. एक कडी सुटली की संशयाचा फायदा आरोपीला. कलम 50 चंही तसंच. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर स्वतःची झडती देण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात ठामपणे सांगितलं. आणि जुने लोक जागेवरच सॅम्पल काढायला सांगतील, तर ऐकू नका. 2022 च्या नियमांनी सॅम्पल दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचं आहे. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालंय.

म्हणून पाकीट हातात आलं की सील स्वतः बघा, ठशाची अक्षरं पत्रावरच्या नमुन्याशी जुळवा. निघाल्याची आणि परतल्याची नोंद डायरीला पडेपर्यंत टेबलापासून हलू नका. साहेब घाईत असले तरी. लॅबने माल परत केला तर मुद्देमाल कारकुनाकडून नोंद करून घ्या, नोंदीचा नंबर आपल्या खिशातल्या वहीत उतरवा, पोचची झेरॉक्स ठेवा. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांकडे जाऊन कागद वाचा.

हे वाचून घाबरू नका. सवय लागली की दहा मिनिटांचं काम आहे, आणि कागद पक्का असला की उलटतपासात आवाज आपोआप स्थिर राहतो. माझाही नंतर राहिला.

गुरू कोणाला करायचं? टीव्हीवर झळकलेल्या अधिकाऱ्याच्या मागे मुलं लागतात. माझं स्पष्ट मत आहे, युनिटमधला जुना रायटर हवालदार, म्हणजे तपासाची कागदपत्रं लिहिणारा, गाठा. पंचनाम्यात पंचाच्या सहीची जागा कुठे सोडायची इथपासून दोषारोपपत्र कसं लावायचं इथपर्यंत तो जे शिकवतो ते ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. त्याला चहा पाजा, त्याची पानं लिहून द्या.

वशिल्याची चिठ्ठी लावून येऊ नका. ज्याच्या शब्दावर आलात त्याची बदली झाली की तुमचीही रवानगी. तोंडी आदेशावर "संलग्न" म्हणून काम करत राहणंही तसंच धोक्याचं, कारण मूळ नेमणूक जुन्याच ठिकाणी राहते आणि परत बोलावलं की एका दिवसात जावं लागतं. लेखी आदेश मागा. मागितल्याने कोणी नाराज होत नाही.

माझं ऐकाल तर आधी पोलीस ठाण्यात बीट करा, मग डी.बी.त (ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात) या, आणि त्यानंतर अर्ज टाका. महिला अंमलदारांनी तर बिनधास्त टाकावा. महिलेची झडती फक्त महिलेनेच घ्यायची असं कलम 50 मध्येच आहे, त्यामुळे नार्कोटिक्सच्या छाप्याला महिला अंमलदार कायम कमी पडतात. अर्जात आवड लिहू नका. टायपिंग, अकाउंट्स, भाषा, जे येतं ते लिहा. कानडी किंवा बंगाली बोलता येत असेल तर ते पहिल्या ओळीत.